परक्या पैशाचा पाट

बारेकरी

माझे आजोबा पांझरेच्या फडावर बारेकरी होते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाखाली शेतांचे फड, आणि कुणाच्या वावरात कधी पाणी सोडायचं ते बघणारा गावचाच माणूस तो बारेकरी. मजुरी धान्यात. मी पुढे पाटबंधारे खात्यात लागलो. आजोबांच्या शंभरपट पाणी हाताळलं आणि शंभरपट भांडणंही सोडवली. आता निवृत्तीनंतर जगभरातले फसलेले कालवे वाचायचा नाद लागलाय. सौ. म्हणते, लोक या वयात काशीला जातात, हे हेलमंदला जातात. (कागदावर जातो हो, विमानाने नाही.)

तर हेलमंद. दक्षिण अफगाणिस्तानातली नदी आणि तिच्या खोऱ्यातला प्रांत. २००१ नंतर बातम्यांत हे नाव आलं ते अफू आणि तालिबानमुळे, म्हणून पुष्कळांना वाटतं तिथला 'विकास' अमेरिकी फौजांबरोबर सुरू झाला. पण अमेरिकी इंजिनिअर तिथे १९४६ सालीच पोचले होते. मॉरिसन-नुडसेन नावाच्या कंपनीला अफगाण राजवटीने बोलावलं. सुरुवातीचा पैसा देशाचा स्वतःचा होता, महायुद्धाच्या काळात काराकुल मेंढ्यांची कातडी विकून साठवलेला. तो भराभर संपला आणि मग अमेरिकेचं कर्ज आलं. १९५२ मध्ये खोऱ्यासाठी वेगळं प्राधिकरण नेमलं, तेही अमेरिकेतल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या नमुन्यावर. १९५३ मध्ये कजाकी धरण उभं राहिलं, सुमारे १०० मीटर उंच. खाली लष्कर गाह हे नवं शहर वसलं, आणि तिथल्या कुंपण नसलेल्या बंगल्यांमुळे लोक त्याला 'छोटी अमेरिका' म्हणू लागले.

कालवे झाले. भटक्या टोळ्यांना आणून नाद-ए-अली आणि मारजा इथे जमिनी देऊन वसवलं. पाणी सोडलं. आणि जमीन पांढरी पडायला लागली.

का, ते सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना सांगायला नको. वरच्या थराखाली थोड्याच खोलीवर पाणी न झिरपणारा कडक थर होता. पाणी दिलं, निचऱ्याचे चर काढले नाहीत. पाणी खाली जाईना, बाहेर निघेना. आणि वर आलं तेव्हा मीठ घेऊन आलं. निचऱ्याची कामं खर्च वाचवायला पुढे ढकलली होती. नवे वसलेले काही लोक जमिनी टाकून निघून गेले. पुढे जे टिकले त्यांच्या कालव्यांवर काय पिकलं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. २००० नंतरच्या दशकात हेलमंद हा जगातला सर्वात मोठा अफू पिकवणारा प्रदेश झाला, आणि त्या अफूला पाणी होतं ते याच कालव्यांचं.

आता दुसरा अंक. कजाकीच्या वीजघरात १९७५ मध्ये दोन टर्बाइन बसली, प्रत्येकी साडेसोळा मेगावॉटची. मध्ये तिसऱ्यासाठी जागा रिकामी सोडली होती. ती रिकामीच राहिली. २००८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ब्रिटिश फौजेने तिसरं टर्बाइन कंदाहारहून कजाकीला नेलं. सुटे भाग मिळून दोनशे टनांहून जास्त वजन, शंभराच्या आसपास वाहनं, हजारो सैनिकांचा पहारा, तालिबानचा रस्ता चुकवून वाळवंटातून काढलेली वाट. लष्करी करामत म्हणून बघाल तर थक्क व्हाल. टर्बाइन पोचलं. ते बसवायला शेकडो टन सिमेंट लागणार होतं, ते मात्र पोचलं नाही. रस्ता पुन्हा तालिबानकडे गेला आणि बसवायला आलेले चिनी कारागीर परतले. टर्बाइनचे खोके धरणापाशी पडून राहिले. ते फिरलं २०१६ मध्ये.

मी खात्यात असताना एका उपसा योजनेचे पंप असेच चार पावसाळे ताडपत्रीखाली पाहिलेत, त्यामुळे हसायचा अधिकार मला नाही.

आता तिसरी गोष्ट, ज्यासाठी हा धागा काढला. तेत्सु नाकामुरा हे जपानी डॉक्टर. १९८४ मध्ये पेशावरला कुष्ठरोग्यांवर उपचार करायला आले. तिथून अफगाणिस्तानातल्या नांगरहार प्रांतात दवाखाने काढले. २००० साली भीषण दुष्काळ पडला. लहान मुलं घाण पाणी पिऊन हगवणीने मरत होती. डॉक्टरांनी ठरवलं की औषधाआधी पाणी. आधी विहिरी खोदल्या, सोळाशेच्या आसपास. मग २००३ मध्ये कुनार नदीवरून कालवा खोदायला घेतला, नाव मरवारीद, म्हणजे मोती. डॉक्टर साठीकडे झुकलेले, स्थापत्याचं शिक्षण नाही. त्यांनी जपानातल्या आपल्या गावाकडच्या दोनशेहून अधिक वर्षं जुन्या तिरक्या बंधाऱ्याचा अभ्यास केला आणि तोच इथे उतरवला. काँक्रीट कमीत कमी. तारेच्या जाळ्यात दगड भरून, म्हणजे आपल्याकडचं गॅबियन, आणि त्यामागे वाळुंजाची झाडं, मुळांनी दगड धरून ठेवावेत म्हणून. दगड तिथेच मिळतो, आणि घरं दगडमातीची असल्यामुळे दगड रचायची कला प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात आहे. कालवा फुटला तर दुरुस्तीला कुणा परदेशी कंपनीची वाट बघायला नको. पैसा मुख्यतः जपानमधल्या सामान्य माणसांच्या देणग्यांचा. २०१० पर्यंत पंचवीस किलोमीटरचा कालवा पुरा झाला. पुढच्या बंधाऱ्यांसह सोळा हजार हेक्टरच्या आसपास जमीन भिजू लागली.

४ डिसेंबर २०१९ रोजी जलालाबादेत त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडून त्यांना मारलं, बरोबरच्या पाच अफगाणांनाही.

पैसा तिन्ही ठिकाणी शेवटी परकाच. प्रदेश तिन्ही ठिकाणी धगधगता. मग कालवा कुणाचा टिकला आणि का? माझं मत सरळ आहे: ज्या पाटाला गावात बारेकरी असतो तो टिकतो. अफगाणिस्तानात त्याला मिराब म्हणतात. पाण्याचा मुखिया, शेतकऱ्यांनी निवडलेला, मेहनताना पुष्कळदा पिकातून. दर वर्षी गाळ काढायला सगळं गाव येतं, त्याला हशर म्हणतात, आपली इर्जिकच. हेलमंदच्या आराखड्यात मिराब कुठेच नव्हता. सगळं प्राधिकरणाकडे.

तुम्हाला काय वाटतं?

मुक्काम_मिरज

बारेकरी काका, निचऱ्याचा मुद्दा काळजाला लागला. आमच्या शिवारात तीस वर्षांपूर्वी उसाला पाणी म्हणजे सोनं होतं. आज त्याच रानात पांढरा थर, पायाखाली कुरकुर वाजतो. आणि आमच्याकडे ना तालिबान होतं ना अमेरिका. हेलमंदचा दोष परक्या पैशावर टाकण्याआधी एवढं लक्षात असू द्या. पाणी देण्याचं श्रेय सगळ्यांना हवं असतं, पाणी काढून नेण्याच्या चराचं उद्घाटन करायला कुणी पुढारी येत नाही.

शंकासुर

लेख आवडला, पण तीन शंका.

नाकामुरांचं उदाहरण संतचरित्रासारखं वापरू नये. एक माणूस, पस्तीस वर्षं, अशी गुंतवणूक कुठलं सरकार करणार? दुसरं, कुनार नदीला हिंदुकुशचं वितळणारं बर्फ आहे, जमिनीला उतार आहे, म्हणजे निचऱ्याची चिंता हेलमंदपेक्षा कितीतरी कमी. तिसरं आणि महत्त्वाचं: 'गावाचा सहभाग' हे अफगाणिस्तानात झालंच नाही असं नाही. उलट फार मोठ्या प्रमाणावर झालं. २००३ पासून राष्ट्रीय एकजूट कार्यक्रम नावाची योजना होती. बहुतांश पैसा जागतिक बँक आणि इतर देणगीदारांचा, पण राबवणारं अफगाण सरकारचं ग्रामीण पुनर्वसन मंत्रालय. गावाने गुप्त मतदानाने विकास परिषद निवडायची, बायका आणि पुरुष दोघांना जागा. मग दर कुटुंबामागे २०० डॉलर, गावाला जास्तीत जास्त ६०,००० डॉलर. गावाने स्वतःचा किमान दहा टक्के वाटा द्यायचा, पैशात, मालात किंवा श्रमात. काय बांधायचं ते गाव ठरवणार. तीस हजारांहून जास्त गावांत हे झालं. आता सांगा, तुमच्या 'बारेकरी' सिद्धांताप्रमाणे हे सगळं टिकायला हवं होतं ना?

बारेकरी

शंकासुरा, शंका रास्त. नाकामुरांना संत करायचा हेतू नव्हता, पण लिहिताना तसं झालं हे खरं. २००८ मध्ये त्यांच्या संस्थेतल्या एका तरुण जपानी कार्यकर्त्याला पळवून मारलं, तेव्हा इतर जपानी माणसं त्यांनी परत पाठवली आणि स्वतः मागे राहिले. हे दुसऱ्या कुणाला 'करा' म्हणून सांगण्यासारखं नाही.

एकजूट योजनेबद्दल सविस्तर लिहा, मी वरवरच वाचलंय.

शंकासुर

लिहितो. पाचशे गावं घेऊन, त्यांपैकी निम्म्यांत योजना आणि निम्म्यांत नाही, अशी सोडत काढून या योजनेची तपासणी झाली होती. असल्या प्रदेशात असा काटेकोर अभ्यास क्वचितच होतो. निकाल गमतीशीर आहेत. पिण्याचं पाणी आणि वीज यांत स्पष्ट फरक पडला. पण रस्ते आणि सिंचन यांत फारसा नाही! म्हणजे हातपंप गावाला जमला, कालवा नाही. कारण उघड आहे, कालवा एका गावाचा नसतोच. वरच्या गावाने पाणी अडवलं तर खालच्या गावाच्या परिषदेने करायचं काय? सगळी योजना एकेका गावाच्या हद्दीत अडकलेली.

आणि ज्यासाठी अमेरिकेला हे सगळं हवं होतं, म्हणजे लोकांनी सरकारच्या बाजूने यावं, ते शांत भागात थोडंफार झालं. पाकिस्तानच्या सीमेलगतच्या, आधीच पेटलेल्या भागात झालं नाही. म्हणजे 'विकास केला की बंडखोरी थांबते' हे गृहीतक नेमकं जिथे गरज तिथेच लंगडं पडलं.

अवनी_क

या तपासणीत बायकांबद्दल काय निघालं? तुम्ही दोघेही पाट आणि पंप यांतच अडकलात.

शंकासुर

ताई, बरोबर पकडलंत. बायकांच्या सार्वजनिक सहभागाला गावातली मान्यता वाढली, हा त्या अभ्यासातला ठळक निष्कर्ष होता. पुरुषांनीसुद्धा बायकांनी परिषदेत असावं हे जास्त प्रमाणात मान्य केलं. कित्येक ठिकाणी बायकांची बैठक वेगळी, वेगळ्या घरात, आणि निर्णय चिठ्ठीने किंवा एखाद्या म्हाताऱ्या माणसाकरवी पुरुषांच्या बैठकीत जायचा. आपल्याला हे हास्यास्पद वाटेल.

अवनी_क

मला अजिबात हास्यास्पद वाटत नाही. आपल्याकडे सरपंचबाईंच्या खुर्चीत यजमान बसलेले मी विदर्भात स्वतः पाहिलेत. तिथे निदान बाईची चिठ्ठी बाईने लिहिलेली होती.

मी एका संस्थेसाठी (नाव नको) महिला बचत गटांचं काम करते, म्हणून यातला कामाचा भाग सांगते. २४ डिसेंबर २०२२ ला तालिबानने स्वयंसेवी संस्थांत काम करायला अफगाण बायकांना बंदी घातली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कामावरही. बातमीत हा 'हक्कांचा' विषय म्हणून येतो, तो आहेच. पण रोजच्या कामात त्याचा अर्थ काय होतो बघा. विधवेच्या घरात धान्य पोचलं का, हे विचारायला पुरुष आत जाऊ शकत नाही. म्हणजे लाभार्थींच्या यादीत ज्या घरात पुरुष नाही ती घरंच गळणार, आणि सगळ्यात गरीब घरं तीच. यादी करणारी बाई गेली की मदतच आंधळी होते. मग देणगीदार म्हणतो, आम्हाला खात्री पटत नाही, पैसे थांबवा. उपाशी कोण राहतं?

काबूलच्या बाग-ए-जनाना या बायकांच्या बागेत अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेने भारत सरकारच्या मदतीने शिवण, भरतकाम, अन्नप्रक्रिया यांचं प्रशिक्षण केंद्र चालवलं होतं. सुरुवातीला युद्धविधवा जास्त. तिथे मला आवडलेली गोष्ट ही, की शिकवायला लवकरच अफगाण बायकाच उभ्या केल्या. बारेकरी काकांच्या भाषेत बारेकरीणबाई.

हेरात_रिटर्न

बराच वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. मी विजेच्या कामाच्या एका पोटठेकेदाराकडे पश्चिम अफगाणिस्तानात तीन वर्षं होतो. कंपनीचं नाव सांगणार नाही, तिथली माणसं चांगली होती, व्यवस्था वाईट होती.

आधी व्यवस्थेचं. तिथे पैसा कमी पडला असं मला एक दिवसही दिसलं नाही. उलट पैसा खर्च करायची घाई. आपल्याकडे मार्चएंडला रस्ते उकरतात ना, तसं अमेरिकेचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, आणि उन्हाळा लागला की एकेका कॅम्पवर लगबग सुरू. पैसा परत गेला तर पुढच्या वर्षी कमी मिळणार. त्यामुळे कागदावर लवकर संपणारी कामं आधी: इमारत, जनरेटर, प्रशिक्षणाचे वर्ग. सही, फोटो, संपलं. ठेका मोठ्या परदेशी कंपनीला, तिच्याकडून दुसऱ्या कंपनीला, तिच्याकडून आम्हाला, आमच्याकडून काबूलच्या एका माणसाला, त्याच्याकडून त्याच्या चुलतभावाला. शेवटी वाळू टाकणाऱ्याच्या हातात जे येतं त्यात सिमेंट कमी पडणारच.

आणि गाव? गाव मी गाडीच्या काचेतून पाहिलं. जायला परवानगी, चिलखती गाडी, पुढेमागे पहारा, उतरून अर्धा तास. अर्ध्या तासात म्हातारे 'चहा घ्या' म्हणतात, आणि त्या चहाआधी कुणी खरं बोलत नाही. चहा व्हायच्या आत आमचा पहारेकरी घड्याळ दाखवायचा.

अमेरिकेचा जो खास महानिरीक्षक नेमला होता, ज्याच्या कार्यालयाला सगळे सिगार म्हणायचे, त्याचे अहवाल वाचा. २०२१ पर्यंत अमेरिकेने पुनर्बांधणीसाठी सुमारे १४५ अब्ज डॉलर मंजूर केले. त्यातून काबूलजवळ ताराखिल नावाचं १०५ मेगावॉटचं डिझेल वीजघर झालं, ३३ कोटी डॉलरच्या वर खर्च. डिझेल परवडत नाही म्हणून ते बहुतेक काळ बंदच. तिकडे कश्मिरी लोकरीच्या शेळ्यांसाठी इटलीहून नऊ बोकड आणले होते, त्या प्रकल्पावर साठ लाख डॉलर. बोकडांचं पुढे काय झालं हे आमच्या कॅम्पवर कायम चेष्टेचा विषय होता.

निवांत

नऊ बोकड साठ लाखात? आमच्या गावच्या बाजारात आले असते तर बाजार बंद ठेवून मिरवणूक काढली असती 😄

हेरात_रिटर्न

साठ लाख सगळ्या प्रकल्पाचे, एकट्या बोकडांचे नाहीत. पण मिरवणूक रास्तच ठरली असती.

आता भारताचं. इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण हा माझ्या डोळ्यांसमोरचा भाग. हेरात प्रांतातलं सलमा धरण, हरिरूद नदीवर. कल्पना जुनी, सत्तरच्या दशकात काम सुरूही झालं होतं, युद्धाने थांबलं. भारताच्या वापकोस या सरकारी कंपनीने पुन्हा हाती घेतलं आणि ४ जून २०१६ ला उद्घाटन झालं. ४२ मेगावॉट वीज, ७५,००० हेक्टर सिंचनाचं उद्दिष्ट. पाकिस्तानातून माल नेता येत नाही म्हणून सगळं सामान समुद्राने इराणच्या बंदर अब्बासला, तिथून बाराशे किलोमीटर रस्त्याने सीमेवर, आणि मग आणखी तीनशे किलोमीटर धरणावर. आपल्याकडे एखादं वळण खराब असलं तरी ट्रक अडकतो. तिथे एक बोल्ट विसरला तर महिनाभर वाट.

लोकांना धरण मनापासून आवडलं, हे मी पैजेवर सांगतो. पण पहारा लागायचाच. २०१७ मध्ये धरणाजवळच्या चौकीवर तालिबानने हल्ला करून दहा पोलीस मारले. मेले ते अफगाण होते, हे इकडच्या बातम्यांत दोन ओळींत आटपलं.

आणि ताराखिल बंद का, याचं एक उत्तर भारतानेच दिलं होतं बघा: पुल-ए-खुमरीहून काबूलपर्यंत २२० केव्हीची २०२ किलोमीटर लाइन आपल्या लोकांनी हिंदुकुश ओलांडून टाकली, आणि उझबेकिस्तानची वीज तिच्यावरून आली. ती स्वस्त. मग महाग डिझेल कोण जाळणार?

मुक्काम_मिरज

म्हणजे दोन देणगीदार एकमेकांना न विचारता एकाच शहराला वीज देत होते. आमच्याकडे जिल्हा परिषद आणि आमदार निधी एकाच वस्तीला दोन समाजमंदिरं देतात, तसं.

बारेकरी

हेरातवाले भाऊ, दंडवत. चहाचा परिच्छेद अख्ख्या धाग्याहून मोठा आहे.

एक विचारतो. पैसा तालिबानलाही जायचा असं वाचलंय. मालमोटारी सुखरूप जाव्यात म्हणून वाहतूकदार खंडणी द्यायचे आणि ती शेवटी अमेरिकेच्या बिलातच लागायची. २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्याच एका उपसमितीने दोन अब्ज डॉलरच्या वाहतूक ठेक्याबद्दल असा अहवाल दिला. तुम्ही काय पाहिलं?

हेरात_रिटर्न

काका, पाहिलं एवढंच की काही दिवशी ट्रक यायचे आणि काही दिवशी यायचे नाहीत, आणि का ते चालकाला कुणी विचारायचं नाही. त्यापलीकडे मी इथे लिहिणं बरं नव्हे.

खसखशीची_पुरी

माझ्या नावामुळे मला इथे प्रतिसाद देणं भाग आहे. 🙂

हेलमंदमध्ये 'अफू सोडा, गहू-कापूस लावा' या योजनांवर प्रचंड खर्च झाला, आणि गहू लावणारा शेतकरी दरवेळी फसला. यात नीतीचा प्रश्न कमी आणि उचलीचा जास्त आहे. अफूचा व्यापारी पेरणीआधी पैसे देतो, त्याला तिथे सलाम म्हणतात, म्हणजे पीक येण्याआधीच पडत्या भावाने विकून टाकायचं. हिवाळ्यात घर त्यावर चालतं. वर व्यापारी बांधावर येऊन माल उचलतो. कापूस मात्र स्वतः शहरापर्यंत न्यायचा, वाटेत चार नाके, चार ठिकाणी पैसे, आणि भाव पडला तर परत आणायला ट्रक नाही. अफू नासत नाही. घरात पुरून ठेवा, मुलीच्या लग्नाला काढा. बँक नाही तिथे ती बँकच आहे.

तेव्हा बियाणं फुकट वाटून काय होणार? कुणी उचल दिली असती आणि बांधावर येऊन गहू घेतला असता तर कथा वेगळी झाली असती. आपल्याकडे ऊसतोडीची उचल ज्यांनी पाहिलीय त्यांना हे एका ओळीत कळेल.

अवनी_क

आणि उचल फिटली नाही तर? तिथे कर्जापायी मुली दिल्याच्या घटना नोंदल्या गेल्यात, विशेषतः सरकारने अफूचं पीक उपटलं त्या वर्षी. पीक उपटायचा पैसाही परकाच होता.

खसखशीची_पुरी

हो. तो हिशेब कुठल्याच प्रकल्पाच्या अहवालात 'खर्च' या रकान्यात नाही.

माळावरचा

मी नव्वदच्या दशकात नगर जिल्ह्यात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात पर्यवेक्षक होतो. पैसा जर्मनीचा, वाट नाबार्डची. तिथेही पैसा परकाच, मग काय वेगळं होतं ते सांगतो. पैसा आधी मिळायचाच नाही! गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळून दाखवायची. ज्या गावात हे जमलं नाही ते गाव बाद. काही गावांत या 'परीक्षेत' वर्ष-दीड वर्ष गेलं. वरून दटावणी यायची, 'खर्च का होत नाही?' पण फादर हर्मन बाखर यांच्यासारखी माणसं मध्ये उभी होती, दोन्हीकडचं ऐकून घेत.

आता हे हेलमंदमध्ये करा म्हणलं तर? गाव वर्षभर तयारी करतंय, तेवढ्यात तिथली तुकडी बदलते, नवा कमांडर म्हणतो मला सहा महिन्यांत शाळा दिसली पाहिजे. शांत मुलखात गाव पैशाला थांबवू शकतं. लढाईच्या मुलखात पैसा थांबत नाही. त्यामुळे आमच्या कामाचं कौतुक कुणी केलं तरी मी ते हेलमंदवाल्यांच्या तोंडावर मारणार नाही. आमच्याकडे चरायला बंदी केली तर फार तर धनगर आणि गावकरी भांडायचे. बंदूक नव्हती.

शंकासुर

माळावरच्यांशी शंभर टक्के सहमत. हे मी शंका न काढता लिहितोय, नोंद घ्यावी.

निवांत

मराठी माणूस म्हणून मला एकच गोष्ट राहून राहून आठवतेय. कुष्ठरोग्यांचा डॉक्टर शेवटी कुदळ घेऊन पाट खोदतो. आनंदवनात आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा कुष्ठमुक्त माणसांनी खोदलेली विहीर आणि पिकवलेला भाजीपाला दाखवला होता. रोग एक, आणि वाट जमिनीकडेच जाते, इकडेही आणि तिकडेही.

नाकामुरांबद्दल अजून एक: काबूलच्या भिंतीवर त्यांचं मोठं चित्र होतं, तालिबान २०२१ मध्ये आल्यावर ते रंगवून पुसलं. आणि वर्षभराने त्याच तालिबानने जलालाबादेत त्यांच्या नावाचा चौक केला. पाणी चालूच होतं, म्हणून असेल.

बारेकरी

निवांत, हे मला ठाऊक नव्हतं. पुसायचं आणि परत लिहायचं, दोन्ही त्यांनीच केलं म्हणायचं.

आता शंकासुरांनी एकजूट योजनेत जे दाखवलं, कालवा एका गावाचा नसतो, त्यावर मी दोन दिवस विचार करतोय. आजोबांचा बंधारासुद्धा एका गावाचा नव्हता. वरच्या आणि खालच्या बंधाऱ्यांच्या पंचांची बैठक व्हायची, दुष्काळात वाटप बदलायचं. पण त्यामागे तीन-चारशे वर्षांची सवय होती. एका देणगीत ती येत नाही. मी मूळ लेखात 'बारेकरी असला की टिकतो' एवढ्यावरच थांबलो, ते अर्धंच होतं. बारेकऱ्यावरही कुणीतरी लागतं, ज्याचं दोन गावं ऐकतील.

शंकासुर

मग आता शेवटची शंका. परका पैसाच नसला तर? तालिबानने २०२२ मध्ये उत्तर सीमेवरच्या आमू दर्या नदीवरून कोश तेपा कालवा सुरू केला. २८५ किलोमीटर, शंभर मीटर रुंद, स्वतःच्या महसुलातून, कुणाची मदत नाही. (प्राथमिक अभ्यास मात्र आधीच्या सरकारच्या काळात अमेरिकी मदतीनेच झाला होता, हा विनोद राहू द्या.) पहिला शंभरेक किलोमीटरचा टप्पा २०२३ पर्यंत खोदूनही झाला. उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान धास्तावलेत, कारण आमूचं पाणी ते वापरतात आणि अफगाणिस्तानबरोबर त्याचा करार नाही. अस्तर नाही, कच्चा कालवा. डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर पसरलेलं पाणी उपग्रहाच्या चित्रांतही दिसलं. परका पैसा नाही, परका इंजिनिअर नाही, गावाला विचारायचं तर राहूच द्या. मिराब यात कुठे?

मुक्काम_मिरज

मिराबचं नंतर बघू. अस्तर नाही म्हणता, मग निचऱ्याचे चर आहेत का? आमच्याकडे आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षार काढायचं काम चाललंय. पाइपचा खर्च ऐकला की घरात सगळे गप्प होतात. वडिलांनी पाणी आणलं तेव्हा पहिली दोन-तीन पिकं अशी आली होती की लोक बघायला यायचे. त्या फोटोत मी उसाच्या पुढे उभा आहे, पाच वर्षांचा, आणि ऊस माझ्या तिप्पट. तिकडच्या शेतकऱ्याचीही पहिली दोन पिकं अशीच येतील.